कुठवर आलंय?

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. लॅबमध्ये तीस पीसी, तीसही चालू आणि तीसही स्क्रीन काळ्या. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांच्या काही ओळी आणि शेवटच्या ओळीपुढे एकेक करून वाढत जाणारे ठिपके. सहा-सात ठिपके झाले की ओळ थांबायची आणि खाली निरोप यायचा, की कुठल्याच मार्गाने नेटवर्क जुळलं नाही. तिसाव्या मशीनपर्यंत तोच निरोप. परवा सकाळी उन्हाळी परीक्षेचं पहिलं प्रॅक्टिकल होतं, बाहेरून परीक्षक येणार होते, आणि एकाही मशीनवर अजून विंडोज नव्हतं.

मामांनी स्टीलच्या थर्मासमधून चहा ओतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "कुठवर आलंय, मॅडम?"

मामा म्हणजे आमच्या पॉलिटेक्निकचे शिपाई. लॅबच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात आणि इमेज टाकायची, म्हणजे एका तयार मशीनच्या डिस्कची हुबेहूब प्रत नेटवर्कवरून बाकीच्या मशीनवर उतरवायची रात्र असली की ते घरी जात नाहीत. त्यांच्या त्या प्रश्नाचं मला फार अप्रूप वाटतं. बाकी सगळे विचारतात, "झालं का?" त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, आणि 'नाही' म्हणून झालं की बोलणं संपतं. "कुठवर आलंय?" याचं उत्तर द्यायचं तर मला स्क्रीनकडे नीट बघावं लागतं.

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते, कराडला. शाळा सुटली की मी कंट्रोलरच्या खिडकीमागे बाकावर दप्तर टाकून बसायची. पावसाळ्यात साताऱ्याकडची गाडी लांबली की माणसं खिडकीला गर्दी करायची. वडील शांतपणे फोन उचलून उंब्रजला विचारायचे, गाडी येऊन गेली का? तिथे नोंद झाली असेल तर ते खिडकीबाहेर सांगायचे, "उंब्रज सोडलंय, तासवड्याच्या आसपास असेल." नोंद नसेल तर काशीळ, अतीत, नागठाणे असं मनातल्या मनात मागे मागे जायचं. शेवटची नोंद कुठली आणि पहिली न झालेली नोंद कुठली, या दोहोंच्या मधल्या रस्त्यावरच गाडी असणार. त्यांनी मला हे कधी शिकवलं नाही, पण मी शिकले ते हेच.

नेटवर्कवरून मशीन उभं करणं हाही असा टप्प्याटप्प्याचा प्रवास आहे. त्यात प्रत्येक थांब्यावर वेगळा माणूस गाडी ताब्यात घेतो.

आधीची पद्धत वेगळी होती. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे 'घोस्ट मारायचं' असं म्हणत, आणि अजूनही जुने लोक तसंच म्हणतात, कुठलंही सॉफ्टवेअर वापरलं तरी. डिस्कची प्रत काढणारं मूळचं घोस्ट १९९५ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला मरे हॅझर्ड यांनी लिहिलं. १९९८ साली ते सिमँटेककडे गेलं आणि जगभरच्या लॅबमध्ये पोचलं. आम्ही एका मशीनची हार्ड डिस्क काढून दुसऱ्याला जोडायचो, कॉपी व्हायची वाट बघायचो, परत स्क्रू लावायचो. साठ मशीन म्हणजे आठवडा जायचा, आणि बोटांना पत्र्याच्या कडा लागून कापल्याच्या खुणा राहायच्या.

मग आम्ही फॉग आणलं. फ्री ओपन सोर्स घोस्ट, म्हणून फॉग. चक सिपर्स्की आणि जियान झांग या दोघांनी २००७ साली ते सुरू केलं. पैसे लागत नाहीत, जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून चालतं, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या संस्थेला तेवढंच परवडतं. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातून आलेलं क्लोनझिलाही मी वापरलं आहे, एकेका मशीनसाठी ते मला जास्त सोपं वाटतं. पण संपूर्ण लॅब खुर्चीवर बसल्या बसल्या उभी करायची तर फॉग.

आता तो प्रवास. मशीन चालू होतं तेव्हा त्याच्या डिस्कवर काही नसतं. त्याला स्वतःचा पत्ताही ठाऊक नसतो. नेटवर्क कार्डाच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम असतो, पीएक्सई, बोलताना आपण 'पिक्सी' म्हणतो. त्याचा आज चालणारा नियम इंटेलने १९९९ साली लिहिला. तो प्रोग्राम सगळ्या नेटवर्कला उद्देशून हाक मारतो. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून चार शून्यं आणि घेणाऱ्याचा पत्ता म्हणून चारदा २५५, म्हणजे जो कोणी ऐकत असेल तो. परक्या गावात रात्री उतरलेला माणूस पारापाशी उभा राहून "कोणी आहे का?" म्हणतो, तसं. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर उत्तर देतो, हा घे तुझा पत्ता. शिवाय दोन गोष्टी सांगतो, त्या सर्व्हरकडे जा आणि ही फाईल माग. या दोन गोष्टींना पर्याय क्रमांक ६६ आणि ६७ म्हणतात. मग मशीन टीएफटीपीवरून ती फाईल आणतं. टीएफटीपी अगदी साधासुधा गडी आहे. ५१२ बाइटचा एक तुकडा देतो, पोच मिळेपर्यंत थांबतो, मगच पुढचा देतो. आलेली फाईल म्हणजे आयपीएक्सई, पिक्सीसारखाच पण जास्त जाणता प्रोग्राम. ती चालू होते, पुन्हा पत्ता मागते, आणि फॉगचा मेनू दाखवते. तिथून लिनक्स चढतं, सर्व्हरवरचा इमेजचा फोल्डर जोडून घेतं आणि डिस्कवर लिहायला लागतं.

इतक्या हातांतून गाडी जाते. आणि माझा वर्षानुवर्षांचा अनुभव असा, की बिघाड या हातांमध्ये क्वचितच असतो. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तो होतो.

सुरुवातीच्या काळातली एक घटना सांगते. एका सकाळी निम्मी मशीन इमेज घेत होती आणि निम्मी 'पीएक्सई-ई५३' दाखवून थांबत होती. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण कुठली फाईल मागायची ते कोणी सांगितलं नाही. मी सर्व्हरच्या मागे लागले. दोन तास सेटिंग उलटीपालटी केली, सर्व्हिस बंद करून चालू केल्या. मामा दारात उभे राहून बघत होते. शेवटी एका मशीनवर मिळालेला पत्ता मोठ्याने वाचला, "१९२.१६८.०..." आणि मीच थांबले. आमच्या लॅबचे पत्ते १० ने सुरू होतात. हा पत्ता आमच्या सर्व्हरने दिलेलाच नव्हता. मामा म्हणाले, "स्टाफरूममध्ये काल वायफायचा डबा लावलाय की." कोणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला जोडला होता, आणि तोही उलटा, त्याच्या लॅनच्या भोकातून. तो डबा बिचारा आपलं काम करत होता, येईल त्याला पत्ता वाटत होता. पीएक्सईला दोन उत्तरं आली की फाईलचं नाव सांगणारं त्याने निवडावं असा नियम आहे, पण आमच्या त्या जुन्या मशीनना तेवढा धीर नव्हता. जो आधी बोलेल त्याचं ऐकायचं. निम्म्या मशीनना डबा आधी भेटत होता.

त्या दिवसापासून मी पहिल्यांदा आकडा वाचते आणि मगच कीबोर्डला हात लावते. "रिस्टार्ट करून बघा", "पुन्हा टाकून बघा" या सल्ल्यांचा मला मनापासून राग येतो. रिस्टार्टने बिघाड जातो तेव्हा त्याच्याबरोबर पुरावाही जातो.

तर त्या रात्रीकडे परत येते. तीस नवे पीसी होते आणि त्यांच्यासोबत सगळ्या वायरी एकत्र जोडणारा नवा मॅनेज्ड स्विचही, म्हणजे ज्याची सेटिंग बदलता येतात असा, आला होता, रॅकमध्ये छान निळसर दिवे लावून बसलेला. नव्या पीसीची एक अडचण मी दुपारीच सोडवली होती. मशीन चालू होताना पहिल्यांदा जागा होणारा आतला प्रोग्राम जुन्या लॅबमध्ये बायोस आणि यांच्यात यूईएफआय. जुन्यांना लागणारी फाईल नव्यांना चालत नाही. त्यात फसवं असं, की नवं मशीन ती चुकीची फाईलही आज्ञाधारकपणे उतरवून घेतं, 'एनबीपी (म्हणजे हीच सुरुवातीची फाईल) यशस्वीपणे डाउनलोड झाली' असं स्क्रीनवर लिहितं, आणि एक अक्षर न बोलता मागे फिरतं. यशाचा निरोप वाचून मी बराच वेळ भलतीकडे शोधत होते. खरं तर मशीन हाक मारतानाच आपण कुठल्या जातकुळीचे ते सांगतं. पर्याय ९३ मध्ये बायोसवालं ० पाठवतं, ६४ बिटचं यूईएफआयवालं ७. आमच्या डीएचसीपीला तो आकडा वाचता येत नव्हता, म्हणून फॉगच्या सर्व्हरवर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम बसवला आणि आकडा बघून फाईल सांगायचं काम त्याला दिलं. अनोळखी फाईल चालू होऊ न देणारं सिक्युअर बूट तीस वेळा सेटअपमध्ये जाऊन बंद केलं. एवढं सगळं करून रात्री साडेनऊला ठिपके.

मी मामांना म्हणाले, "पत्ता मिळतोय. फाईल येतेय. फाईल चालू होतेय. मग ती स्वतः पत्ता मागते तो मिळत नाही."

ऐकायला विचित्र होतं. तेच मशीन, तीच वायर, तोच सर्व्हर. दहा सेकंदांपूर्वी त्याच सर्व्हरने पत्ता दिला होता. आता देत नव्हता.

मी सर्व्हरवर टीसीपीडंप लावलं. हे एक साधन आहे, वायरवरून जाणारं माहितीचं प्रत्येक पाकीट दाखवतं. पत्ता आणि फाईल मागण्याचं बोलणं ज्यांवरून चालतं त्या ६७, ६८, ६९ आणि ४०११ या चार पोर्टांवरचं तेवढं गाळून घेतलं आणि एक मशीन चालू केलं. पहिली हाक दिसली, तिचं उत्तर दिसलं, फाईलची मागणी दिसली. मग स्क्रीनवर ठिपके सुरू झाले, आणि सर्व्हरच्या पडद्यावर काहीच नाही. दुसरी हाक सर्व्हरपर्यंत येतच नव्हती. उंब्रजला नोंद नव्हती.

म्हणजे सर्व्हर निर्दोष. मशीन ओरडत होतं आणि आवाज वाटेत अडत होता. वाटेत काय होतं? एक वायर आणि तो नवा स्विच.

आणखी एक गोष्ट कळली ती वैतागातून. एका मशीनवर ठिपके संपल्यावर मी आयपीएक्सईच्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जागी, गेले आणि हाताने डीएचसीपीची आज्ञा टाइप केली. पत्ता लगेच मिळाला, डोळ्याचं पातं लवायच्या आत. दुसऱ्या मशीनवर तेच केलं, तिथेही मिळाला. पहिल्यांदा नाही आणि दुसऱ्यांदा हो.

रॅकपाशी उभ्या असलेल्या मामांनी तेव्हा सांगितलं, "मॅडम, हितला दिवा आधी नारंगी असतोय, मग हिरवा होतोय. आणि तुमची ती फाईल चालू झाली की पुन्हा नारंगी होतोय."

मी घड्याळ लावलं. नारंगी दिवा तीस सेकंद राहत होता, दर वेळी.

दहा वाजून गेले होते. कपाटात एक जुना आठ भोकांचा प्लास्टिकचा स्विच पडून होता. तो काढून मशीन आणि भिंतीतला पॉइंट यांच्यामध्ये लावला, आणि मशीन सरळ मेनूपर्यंत गेलं. असे जुने चार स्विच जमवून आम्ही त्या रात्री आठ-आठ मशीन करत गेलो. पहाटे तीनला संपलं. प्रॅक्टिकल वेळेवर झालं.

नंतर सहकाऱ्यांनी सांगितलं, चाललंय ना, मग राहू दे ते स्विच. मला ते जमेना. 'चाललं' आणि 'कळलं' यांत माझ्या लेखी फार अंतर आहे, आणि न कळता चाललेली गोष्ट परीक्षेच्या दिवशीच बंद पडते असा माझा धसका आहे.

कारण असं होतं. दोन स्विच एकमेकांना दोन वायरींनी जोडले गेले तर हाक वर्तुळात फिरत राहते आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क गुदमरतं. हे होऊ नये म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डीईसी या कंपनीत असताना स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत शोधली. तिच्या मूळ रूपात कुठल्याही भोकात नवी जोडणी दिसली की स्विच तिला लगेच वाट देत नाही. १५ सेकंद नुसतं ऐकतो, १५ सेकंद कोण कुठे आहे ते शिकतो, मग दार उघडतो. तीस सेकंद. मशीनच्या चिपमधला प्रोग्राम सोशिक असतो, ४, ८, १६ आणि ३२ सेकंद असं चार वेळा थांबून विचारतो, त्यामुळे तो निभावून जातो. आयपीएक्सई मात्र चालू होताना नेटवर्क कार्ड ताब्यात घेऊन नव्याने उठवते. त्या क्षणी जोडणी तुटते आणि परत येते. स्विचला वाटतं, कोणी नवीन आलं. पुन्हा तीस सेकंद. आमच्या आयपीएक्सईला तेवढा दम नव्हता. मी हाताने आज्ञा टाइप करेपर्यंत ते तीस सेकंद उलटलेले असत, म्हणून दुसऱ्यांदा जमत होतं. आणि मधला प्लास्टिकचा स्विच लावला की तुटणं-जोडणं त्याच्यापुरतं राहायचं. रॅकमधल्या मोठ्या स्विचला काही पत्ताच लागत नसे.

उपाय एका ओळीचा होता. ज्या भोकांना फक्त पीसी जोडलेले आहेत तिथे 'पोर्टफास्ट' चालू करायचं, म्हणजे स्विच त्यांना दारात थांबवत नाही. स्विचला स्विच जोडणाऱ्या भोकांवर ते करायचं नाही, कारण पर्लमनबाईंनी ज्या संकटासाठी ते दार बांधलं ते संकट तिथूनच येतं. मी ती ओळ टाइप केली, दिवा लगेच हिरवा झाला, आणि मामा आणि मी बराच वेळ नुसते त्या दिव्याकडे बघत उभे होतो.

बाकीचे बिघाड या मानाने छोटे. एकदा मास्टर मशीनची, म्हणजे जिची प्रत बाकीच्यांवर जाते तिची, इमेज चाळीस मिनिटं घेऊन शेवटच्या पायरीवर अडली. फॉग आधी इमेज एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवतं आणि पूर्ण झाली की एफटीपीने, आपल्या ठरलेल्या वापरकर्त्याच्या नावावर, ती मूळ जागी हलवतं. एका सहकाऱ्याने चांगल्या हेतूने त्या वापरकर्त्याचा पासवर्ड बदलला होता. फॉगच्या आतल्या नोंदीत जुनाच होता. माल गोदामात आला होता, फक्त किल्ली बदललेली.

मल्टिकास्टची गोष्ट मात्र सांगायला हवी. ४० जीबीची इमेज तीस मशीनना वेगवेगळी पाठवायची तर वायरवरून १२०० जीबी जातं, गिगाबिटवर साधारण तीन तास. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकदाच बोलतो आणि तीसही ऐकतात, कागदावर सहा-सात मिनिटांचं काम. पण सगळ्यांत हळू लिहिणाऱ्यासाठी सगळे थांबतात. वारीत म्हाताऱ्या माणसाला मागे टाकून दिंडी पुढे जात नाही, तसं. एकदा हा सहा मिनिटांचा हिशोब तासावर गेला. बावीस नंबरच्या मशीनची पॅच कॉर्ड खुर्चीच्या चाकाखाली येऊन चेपली होती. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. एक जोडी तुटल्यावर ते मशीन तक्रार न करता १०० वर उतरलं होतं, आणि त्याच्यामुळे बाकीचे एकोणतीसही. रोजच्या वापरात ते कधी लक्षातच आलं नसतं. चाळीस रुपयांची वायर बदलली.

या सगळ्यापेक्षा मला जे जास्त आठवतं ते बिघाड नव्हतंच. सगळं व्यवस्थित चाललं होतं. इमेज टाकणं म्हणजे आधी जे होतं ते पुसणं, हे मी पहिली काही वर्षं नुसतं तांत्रिक सत्य म्हणून जाणत होते. मग एकदा तिसऱ्या वर्षाची एक मुलगी सोमवारी सकाळी नऊ नंबरवर बसली आणि तिने डी ड्राइव्ह उघडला. तिचा प्रोजेक्ट तिथे होता, तीन महिन्यांचा. घरी कॉम्प्युटर नाही, पेनड्राइव्ह नाही, नऊ नंबर हाच तिचा कॉम्प्युटर. मी शनिवारी रात्री तो पुसला होता. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि त्यामुळेच मला अजून तो सोमवार नीट आठवतो. आम्ही दोघी रोज संध्याकाळी सहापर्यंत बसलो, तिने पुन्हा लिहिलं, मी शेजारी बसून जिथे अडेल तिथे मदत केली. जमेल तेवढं जमलं, सगळं नाही.

आता इमेजच्या तीन दिवस आधी दारावर सूचना लागते, प्रत्येक वर्गात मी स्वतः जाऊन सांगते, आणि तरीही रात्री काम सुरू करण्याआधी तीसही मशीनचे डी ड्राइव्ह सर्व्हरवर उतरवून घेते. त्यात दोन तास जातात. जाऊ देत.

रॅकच्या दारावर मी एक कागद चिकटवला आहे. दिवा लागला. पत्ता मिळाला. पत्ता १० ने सुरू होतोय. फाईल आली. फाईल चालू झाली. पुन्हा पत्ता मिळाला. मेनू आला. फोल्डर जुळला. लिहायला लागलं. एवढंच, मोठ्या अक्षरात. मामांसाठी म्हणून लिहिला होता, आता नवीन असिस्टंटही त्याच्याकडे बघूनच बोलतात.

गेल्या महिन्यात सकाळी सातला फोन वाजला. मी अजून घरीच होते, कणीक मळत. मामांचा आवाज.

"मॅडम, दोन्ही लॅब. दिवा हाय, पत्ता १० चाच हाय. फाईल येत नाय."

मी पिठाच्या हातानेच फोन कानाशी घट्ट धरला. फाईल देणारी टीएफटीपीची सर्व्हिस. आमचा सर्व्हर स्विचपेक्षा लवकर उठतो, आणि नेटवर्क तयार नसताना ती सर्व्हिस उठली तर ती गप्प पडून राहते.

"मामा, पहाटे लाइट गेली होती का?"

"गेली हुती की. चारला. अर्धा तास."